कॉन्सर्ट युकुलेले: पहिल्या पडद्यावर सूर चढतो, गांधार खटकतो आणि लो-जीचं काय करू?

बाड्यावरची (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. प्रश्न तीन आहेत, पण एकमेकांत असे अडकलेत की वेगळे धागे काढण्यात अर्थ नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी वाद्याबद्दल. कॉन्सर्ट साइझ, मॅहोगनी लॅमिनेट, ऑनलाइन मागवलेलं, साडेतीन हजारांच्या आसपासचं. भाची नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि ते माझ्याकडे राहिलं. खुंट्या गिअरवाल्या आहेत. तारा काळ्या, कोणत्या कंपनीच्या ते देव जाणे, वाद्याबरोबर आल्या त्याच अजून आहेत. दर रविवारी संध्याकाळी आमचा ऑनलाइन गट बसतो. पुण्या-नागपूरची मंडळी आहेत, एक जण न्यू जर्सीहून सकाळचा चहा घेत बसतो. शिकवणारी मुलगी गुणी आहे, घाई करत नाही. सी, ए-मायनर, एफ आणि जी-सेव्हन या कॉर्डपर्यंत हात बसला आहे.

आता माझ्या कानाबद्दल, कारण दुखणं तिथेच आहे. माझं शिक्षण तंबोऱ्यावर झालं. आमचे गुरुजी ग्वाल्हेर गायकीचे. त्यांच्या खोलीत पेटी होती, पण तिच्यावर कायम वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा. पुढे बँकेच्या नोकरीत गाणं मागे पडलं. नोकरीतून रिटायर झाले, कान मात्र झाला नाही. हल्ली इथल्या लष्कर भागातल्या आमच्या भजनी मंडळात गाते तेवढंच. मंडळातल्या बायकांना हे वाद्य म्हणजे नातवंडांचं खेळणं वाटतं. वाटू दे.

पहिलं दुखणं. ट्यूनर लावून जी, सी, ई, ए चारही तारा हिरव्या दिव्यावर आणते. मोकळ्या छेडल्या की ठीक. एफ धरला की ई तारेच्या पहिल्या पडद्यावरचा सूर चढतो. नुसता माझ्या कानाला नाही, ट्यूनरचा काटाही उजवीकडे जातो. सी तारेच्या पहिल्या पडद्यावर तेच. पाचव्या-सातव्या पडद्यापाशी मात्र कुरकूर करण्यासारखं काही नाही. शिकवणारी म्हणते, काकू, तुम्ही बोट जोरात दाबताय. अगदी हलकं, तार जेमतेम बोलेल इतकंच दाबून पाहिलं. तरी चढाच.

दुसरं. रियाजाच्या सवयीनं मी फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावते, पांढरी एकला, म्हणजे सीला. सी तार षड्जात चपखल मिसळते. पण मोकळी ई छेडली की गांधार वर बसतो, दाताखाली खडा यावा तसा. ट्यूनर म्हणतो बरोबर आहे. मग चुकतंय कोण?

तिसरं आणि खरं. माझी पट्टी काळी चार, म्हणजे जी-शार्प. गटातली गाणी सगळी सी नाहीतर एफमध्ये. सी हा षड्ज धरला तर अंतऱ्यात गळा फाटतो. माझ्या पट्टीत वाजवायचं म्हटलं तर वाद्याची सगळ्यात खालची तार सी, म्हणजे माझा सा आणि रे दोन्ही त्याच्याखाली राहतात. अभंगाचं धृपद जिथे घुटमळतं तिथे वाद्यात सूरच नाहीत! कुणीतरी लो-जी, म्हणजे एक सप्तक खालची जी तार सुचवली. दुकानदार म्हणाला, गिटारची तार लावा, सब चलता है. भाचा म्हणतो आत्या, टेनर घे, म्हणजे याहून मोठ्या साइझचं. पेन्शन व्यवस्थित येते, तो प्रश्न नाही, पण हातातल्याला न ओळखता दुसरं आणायचं माझ्या जिवावर येतं.

जाता जाता: इथे मे महिन्यात लू, रात्री कूलर आणि जानेवारीत पहाटे बोटं वळत नाहीत इतका गारठा. वाद्य भिंतीला टांगलं तर चालेल का?

---

सहा_तारांचा (पुणे)

काकू, सरळ बॅरिटोन घ्या, टेनरहूनही मोठं. डी-जी-बी-ई, म्हणजे गिटारच्या शेवटच्या चार तारा. आवाज भरदार, बायकांच्या पट्टीला सोयीचा, आणि पुढेमागे गिटार घ्यावीशी वाटली तर शिकलेलं वाया जात नाही. लो-जी वगैरे म्हणजे मलमपट्टी.

आणि त्या काळ्या तारा आधी बदला. वाद्याबरोबर येणाऱ्या तारा बहुतेक वेळा टाकण्याच्याच लायकीच्या असतात.

---

पटाशी (बडोदा)

ताई, बॅरिटोन वाईट नाही, पण त्यावर कॉर्डचे आकार तेच राहिले तरी सूर बदलतात. गटात शिक्षिका ‘सी धरा’ म्हणाली आणि तुम्ही तो आकार धरलात की तुमच्याकडून जी वाजणार. दर रविवारी डोक्यात भाषांतर करत बसायचं का? शिकायच्या काळात नकोच ते.

मी दांडिया बाजारात राहतो, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गिटारी आणि युकुलेले दुरुस्त करत बसतो. तुमच्या पहिल्या दुखण्याचं वर्णन इतकं नेमकं आहे की वाद्य न बघता सांगतो: मेरू उंच आहे. गळ्याच्या टोकाला ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांत तारा बसतात ती पट्टी. स्वस्त वाद्यांत कारखान्यातून खाचा उथळ सोडतात, कारण खोल गेल्या तर तार खरखरते आणि वाद्य परत येतं. उथळ ठेवली की तक्रार करायला तुमच्यासारखा कान लागतो, तो किती गिऱ्हाइकांना असतो! तार मेरूपाशी उंच असली की पहिल्या पडद्याला टेकवताना ती ताणली जाते आणि ताण वाढला की सूर चढतो. पुढच्या पडद्यांवर हा परिणाम विरत जातो, म्हणून पाचव्या-सातव्याला तुम्हाला काही जाणवत नाही. तुमच्या बोटांचा यात काही दोष नाही.

खात्री करून घ्या. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून धरा आणि पहिल्या पडद्याच्या धातूवर तार आणि धातू यांत किती फट दिसते ते उजेडाकडे धरून बघा. केसाएवढी फट हवी. तिथून व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकलं तर मेरू उंच, शंकाच नको. चारही तारांना बघा, प्रत्येकीची खाच वेगळी असते. दुसरी खूण म्हणजे पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून पुन्हा ट्यून करा आणि तिथून पुढे एफचा आकार धरा. कॅपोनं मेरूला खेळातून बाहेर काढलं. आता सूर जागेवर आले तर गुन्हेगार सापडला.

पण थांबा, लगेच घासायला नेऊ नका. आधी तार ठरवा, मग खाच. लो-जीची तार तुमच्या आत्ताच्या जीपेक्षा बरीच जाड असते. आजच्या बारीक तारेच्या मापानं खाच केली तर उद्या जाड तार तिच्यात बसणारच नाही, वर तरंगेल, आणि खुंटी पिळताना अडकून टक् टक् करत सरकेल. उलट जाड तारेसाठी रुंद केलेल्या खाचेत पुढे कधी बारीक तार घातली तर ती फार तर थोडी इकडेतिकडे हलते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, कारण सगळं त्यावर अडलंय. लो-जी लावाच. कारण सांगतो. तुमची पट्टी काळी चार. लो-जी म्हणजे पांढरी पाच, तुमच्या षड्जाच्या फक्त अर्धा सूर खाली. पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की ती मोकळी तारच तुमचा मध्य षड्ज झाली. बिलावलचं, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचं सप्तक कसं पडतं बघा: जी तार मोकळी सा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग. सी तार मोकळी म, दुसऱ्यावर प. ई मोकळी ध, दुसऱ्यावर नी, तिसऱ्यावर तार षड्ज. ए मोकळी तार रिषभ आणि पाचव्या पडद्यावर तार पंचम. सगळे पडदे कॅपोपासून मोजायचे. दीड सप्तक पाच पडद्यांत, हात न हलवता. कॉर्डही सोपे, जी, सी, डी, ई-मायनर एवढ्यात बहुतेक अभंग निघतात. आकार तेच राहतात, त्यामुळे गटातही काही बिघडत नाही. तसंही ऑनलाइन आवाज उशिरा पोचतो, म्हणून सगळ्यांचे माइक बंदच असणार. तुमचा जी खालचा की वरचा, कुणाला कळतंय!

दुकानदाराचं ‘सब चलता है’ अर्धं खरं. स्टीलची तार चुकूनही लावू नका, तिचा ताण युकुलेलेची घोडी, म्हणजे खालच्या टोकाला तारा जिथे बांधतात ती पट्टी, उखडून टाकेल. पण क्लासिकल, म्हणजे नायलॉन गिटारच्या सेटमधली चौथी तार, डीची, लो-जी म्हणून चालते. आत नायलॉनचे बारीक धागे असतात आणि वर चांदीचं पाणी दिलेल्या तांब्याच्या तारेचं वेष्टण. कॉन्सर्टवर थोडी सैल वाटेल, पण ग्वाल्हेरला आज दुकानात मिळेल अशी तीच. बाकी तीन तारांसाठी अक्विलाच्या नायलगट घ्या किंवा मार्टिनच्या फ्लुरोकार्बन. नायलगट दुधी रंगाच्या, पूर्वीच्या आतड्याच्या तारांची घनता आणि आवाज धरायला केलेल्या, जरा मोठ्या बोलतात. फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा जड, त्यामुळे त्याच ताणाला बारीक तार पुरते आणि आवाज काचेसारखा स्वच्छ निघतो. मासेमारीच्या दोऱ्याचंच ते मटेरियल. फक्त गुळगुळीत असतं, घोडीवर गाठ मारताना शेपटी एक वेढा जास्त फिरवा, नाहीतर रात्री केव्हातरी सटकन सुटेल आणि घरातले दचकतील. वेष्टणवाली तार आधी कापायची नाही. पूर्ण चढवून, सूर बसवून, मग जादा टोक कापायचं, नाहीतर वेष्टण उलगडत जातं.

एक धोका राहिला. फोनवरच्या ट्यूनर ॲपमध्ये हाय-जी निवडलेलं असेल तर ते लो-जीला ‘अजून चढवा, अजून चढवा’ करत राहील आणि तार तुटेल. लो-जीचा पर्याय निवडा किंवा क्रोमॅटिकवर ठेवा, म्हणजे वाजेल तो सूर नुसता दाखवेल.

नव्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात, त्याला इलाज नाही. बाराव्या पडद्यापाशी हलक्या हातानं ओढून घ्या, पुन्हा लावा. सूर चढला तर नुसता उतरवून थांबू नका, खाली नेऊन खालून वर या. तंबोरा लावणाऱ्याला हे मी काय सांगणार.

लॅमिनेटला लू फारसा त्रास देत नाही. भिंतीला टांगा, कूलरच्या तोंडासमोर नको आणि उन्हातल्या बंद गाडीत तर नकोच. तिथे घोडीचा गोंद सुटतो.

---

सराफ्यावर_रात्री_बारा (इंदूर)

पटाशी भिया, मेरूचं सगळं मान्य. लो-जीवर मात्र आमचा विरोध नोंदवून घ्या!

मावशी, हाय-जी काढायच्या आधी एकदा हे वाजवा. मोकळ्या चार तारा म्हणजे काय? सी षड्ज धरला तर प, सा, ग, ध, चारही एकाच सप्तकात. यात फक्त रिषभ कमी आहे, नाहीतर अख्खा भूप तयार होऊन तुमच्या मांडीवर बसलाय. सी मोकळी सा, सी दुसऱ्यावर रे, ई मोकळी ग, मग वरची जी मोकळी प, ए मोकळी ध, ए तिसऱ्यावर तार सा. सहा सुरांत बोट फक्त दोनदा टेकलं. रे, ग, प, ध हे चार सूर चार वेगळ्या तारांवर, म्हणून पुढचा वाजला तरी मागचा विझत नाही, एकमेकांत मिसळत राहतात. लो-जी लावल्यावर हा पंचम ई तारेवर दाबून काढावा लागतो आणि दाबला की गांधार तुटतो. गिटार छोटी करून घेतल्यासारखं होतं सगळं. वरची जी ही या वाद्याची खोड आहे, आणि खोडीसकटच ते गोड आहे. १८७९ मध्ये मदेराहून बोटीतून होनोलुलूला उतरलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर जी छोटी वाद्यं गेली त्यांतून हे घडलं. हवाईच्या लोकांनी ते आपलंसं केलं ते या टुणटुणीसाठी. भारदस्तपणा हवा असता तर त्यांनी दुसरं काही उचललं असतं.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, म्हणून मी लावतो. कान तुमचा बरोबर आणि ट्यूनरही बरोबर. तंबोऱ्याच्या तारेतून पाचव्या पटीचा जो सूर आपोआप निघतो तो स्वयंभू गांधार. सी २६१.६ हर्ट्झ धरला तर तो गांधार ३२७ ला पडतो. ट्यूनर ई मागतो ३२९.६ ला, कारण त्यानं सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत. अडीच हर्ट्झचा फरक, आणि तंबोरा चालू असला की दोघे एकमेकांशी भांडतात, ते लाटांसारखं ऐकू येतं. ए तारेचा धैवत तर त्याहून वर, जवळजवळ चार हर्ट्झ. पेटीची रड हीच ना? आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटी बंद केली त्यामागे जी कारणं दिली जायची त्यांत हे एक होतंच.

ई थोडी उतरवून ठेवलीत तर सी कॉर्ड स्वर्गात जाईल, पण तीच तार दाबून निघणारे बाकीचे सूर उतरतील. एक सांभाळलं की दुसरं बिघडतं. म्हणून कॉर्ड वाजवताना तंबोरा बंद, आणि रियाज करताना युकुलेले बंद. मी तरी असंच करतो. इंदूर उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव आहे, शेजारीपाजारी ऐकून असतात, जपून राहावं लागतं!

---

पटाशी (बडोदा)

भूप छान बसवलात, वाद नाही. पण ताईंना गायचंय. भूप पांढरी एकमध्ये वाजणार आणि त्या काळी चारमध्ये गाणार, मग त्या भूपाचं काय करायचं, ऐकत बसायचं? गळ्याबरोबर वाजवायचं असेल तर वाद्यात गळ्याचा षड्ज हवा. नुसतं वाजवायचं असेल तर हाय-जी. दोन्ही हवं असेल तर दोन वाद्यं, म्हणजे खर्च कुणी सांगितला ते लक्षात असू द्या.

ताई, मेरू घासायला कुणी आहे का तिकडे? त्या बारीक कानशी महाग असतात, एका वाद्यासाठी घेऊ नका. सतार-तंबोरे करणारा कारागीर असेल तर त्याच्याकडे जा, पण दोन गोष्टी बजावून सांगा. खाच खुंट्यांच्या बाजूला उतरती हवी, म्हणजे तार पडद्यांकडच्या कडेवरच टेकेल. आणि घोडीला हात लावायचा नाही. त्यांना सपाट घोडी दिसली की जवारी काढायला, म्हणजे तार झणझणावी म्हणून घोडीचा माथा घासायला हात शिवशिवतात.

---

बाड्यावरची (ग्वाल्हेर)

मंडळी, काय काय झालं ते सांगते.

कार्ड लावून पाहिलं. ई आणि सीच्या खाली व्हिजिटिंग कार्ड आत-बाहेर आरामात फिरलं. ए तारेला जरा अडलं, जीची खाच त्यातल्या त्यात बरी. कॅपो नव्हता, म्हणून भाच्याचा गिटारचा आणून लावला. वाद्याचं डोकं जड होऊन खाली झुकत होतं, पण एफ जागेवर आला. शिकवणाऱ्या मुलीला फोन करून सांगितलं, माझी बोटं निर्दोष सुटली. ती खूप हसली आणि म्हणाली, काकू, गटातल्या आणखी दोघांना हे कार्डाचं सांगते.

मग पटाशींच्या क्रमानं गेले. आधी तार. नायलॉन गिटारची चौथी सुटी मिळेना, पूर्ण सेट घ्यावा लागला. उरलेल्या पाच तारा भाच्याच्या हवाली. बाकी तीन तारा नायलगट घेतल्या.

मेरूसाठी लष्करातच एका वयस्क कारागिरांकडे गेले, सतारी आणि तंबोरे करतात. त्यांनी युकुलेले उलटंपालटं केलं, टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बाईसाहब, इसकी तुंबी कहाँ गई?’’ मी म्हटलं, ये बिना तुंबी के ही गाता है. तेवढ्यात नजर घोडीकडे गेलीच. बोट फिरवून म्हणाले, ‘‘ज़रा सी जवारी खोल दूँ?’’ पटाशी, तुमची आठवण झाली! नको नको म्हणून हात जोडले.

काम मात्र बघण्यासारखं. घोडी काही हलवली नाही. तार सैल करून खाचेतून बाजूला घेतली, एका जुन्या, झिजून सुतळीएवढ्या राहिलेल्या कानशीनं दोन-तीन ओढ, फुंकर, तार परत खाचेत, सुरात आणायची, तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्यापाशी नखानं टिचकी. टिचकीला बारीकसा ‘टिक्’ यायला हवा, म्हणजे फट आहे पण नावालाच. आवाज आला नाही तर फार खोल गेलं. डोळ्यांनी त्यांनी एकदाही बघितलं नाही, सगळं त्या टिचकीवर. ई तारेला चारदा काढघाल केली. जाड जीसाठी खाच रुंद करायला वेगळी कानस. पैसे विचारले तर म्हणाले, खिलौने के क्या पैसे. तरी हातात ठेवलेच.

आता एफचा काटा मध्यावर थांबतो. थांबतो म्हणजे अगदी किंचित उजवीकडे, पण एवढं पेटीवालेही सोडून देतात.

युकुलेलेचा हलका कॅपो मागवला, पहिल्या पडद्यावर लावला आणि मोकळी जी छेडून सा लावला. माझा सा! गेल्या एकादशीला मंडळात जी-सी-डीवर एक अभंग वाजवत गायले. पखवाजवाल्या काकांनी सुरुवातीला भुवया उंचावल्या, दुसऱ्या कडव्यापासून ठेका धरला. खेळणं म्हणणाऱ्या बाईंनी प्रसाद देताना विचारलं, ‘‘हे केवढ्याला मिळतं गं?’’

इंदूरकर, तुमचा भूप तार काढायच्या आधी रात्री वाजवून पाहिला. सूर एकमेकांत मिसळतात ते खरंच सुंदर आहे, मान्य. जुनी जी तार गुंडाळून डबीत ठेवली आहे, टाकलेली नाही. पण तंबोरा बंद करा म्हणता ते जमायचं नाही. त्यापेक्षा मी कॉर्ड कमी करीन. जीचा षड्ज धरून मोकळ्या तारांत सी म्हणजे मध्यम आणि ए म्हणजे रिषभ, हे तंबोऱ्याशी फारसे भांडत नाहीत, एकटी ई धैवतात जरा तोंड वर करते. तिला कमी छेडते. गांधार हवा तिथे गळ्यानं लावते, तो तरी माझ्या ताब्यात आहे.

एक नवीन प्रश्न. लो-जी बाकीच्या तिघींपेक्षा फार मोठी घुमते. चारही तारांवरून हात फिरवला की तीच ऐकू येते, शिवाय बोट सरकवलं की चर्र आवाज येतो. माझ्या हाताचा दोष की तारेचा?

---

पटाशी (बडोदा)

तारेचा. वेष्टणवाली तार तिघी साध्यांमध्ये उठून दिसतेच, आणि चर्र हा वेष्टणाचाच आवाज. वेष्टण नसलेली लो-जी मिळते. फ्लुरोकार्बनमध्ये आहे, आणि अक्विलाची लाल रंगाचीही येते. त्यांत घुमणं कमी, चर्र नाही, पण आवाज किंचित बोथट. जाडीला आत्ताच्या तारेएवढी किंवा थोडी जास्तच असते, तेव्हा लावण्याआधी खाचेत तार नुसती ठेवून बघा. सहज बसली नाही तर कारागिरांकडे पुन्हा एक चक्कर. तोवर ठोका देताना अंगठा जीवरून हलका न्या आणि जोर ई-एवर ठेवा.

---

सहा_तारांचा (पुणे)

त्या उरलेल्या पाच तारा भाच्याच्या गिटारवर लावू नका हं, त्याची गिटार स्टीलची असेल तर. नायलॉनच्या तारांना टोकाला मणी नसतो, तिथे त्या अडकणारच नाहीत.

---

बाड्यावरची (ग्वाल्हेर)

स्टीलचीच आहे. परत मागून घेते. मंडळातल्या त्या बाई परवा पुन्हा किंमत विचारत होत्या. त्यांची पट्टी काळी पाच आहे, म्हणजे कॅपो तिसऱ्या पडद्यावर, बरोबर ना?

---

पटाशी (बडोदा)

बरोबर. त्यांना कार्ड घेऊनच दुकानात जायला सांगा.